खाऱ्या पाण्यातले लोहचुंबक

घरातल्या भिंतीवर फळी बसवायची असली, की आपण भिंतीला भोक पाडतो, त्यात गट्टू ठोकतो आणि स्क्रू आवळतो. पण भिंत काचेची असेल आणि तिच्या पलीकडे दोनशे लिटर खारे पाणी असेल, तर? भोक पाडायचा प्रश्नच नाही. सागरी मत्स्यालये बाळगणाऱ्यांनी यावर एक छान युक्ती काढली आहे. फळीच्या मागच्या कडेला एक लोहचुंबक बसवायचा आणि काचेच्या बाहेरून त्याच्या समोर दुसरा धरायचा. दोघे काचेतूनच एकमेकांना ओढतात आणि फळी जागच्या जागी राहते.

या फळीवर ठेवतात ती प्रवाळांची, म्हणजे पोवळ्यांची, छोटी कलमे. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते प्राणी आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गुलाबाची फांदी लावावी तसा त्यांचा तुकडा लावला, तर तो वाढतो. कोणाला जास्त उजेड लागतो, कोणाला कमी. म्हणून फळी वरखाली सरकवता आली पाहिजे. चिकटवलेली फळी सरकत नाही, चुंबकाची सरकते. (आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. मात्र खडक बांधणाऱ्या प्रवाळांना भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. समुद्रातून ते तोडून आणणे हा गुन्हा आहे.)

मग जो सर्वांत जोरदार चुंबक मिळेल तो आणावा आणि लावावा, असे तुम्ही म्हणाल. नेमका इथेच घोटाळा होतो.

आज मिळणारा सर्वांत जोरदार कायम चुंबक म्हणजे निओडिमियम चुंबक. जपानमधील मासातो सागावा आणि अमेरिकेतील जॉन क्रोट या दोघांनी तो स्वतंत्रपणे शोधला आणि १९८३ मध्ये जगापुढे मांडला. नाव निओडिमियमचे असले, तरी त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग लोखंडच असते. शिवाय तो ओतीव नसतो. मिश्रधातूची बारीक पूड दाबून व भट्टीत भाजून तो घडवतात. असा चुंबक नुसत्या दमट हवेतही गंजतो. म्हणून त्याला निकेल, तांबे आणि पुन्हा निकेल असा तिहेरी मुलामा देतात. त्याची चकाकी दिसते ती या मुलाम्याची.

हा मुलामा कोरड्या टेबलावर उत्तम टिकतो, पण समुद्राच्या पाण्यात नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले क्लोराइडचे आयन मुलाम्यातल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही आत शिरतात. आत लोखंड, बाहेर निकेल आणि दोघांना भिजवणारे खारे पाणी. हे वर्णन कशाचे आहे? बरोबर, विद्युतघटाचे! या घटात झीज सोसतो तो लोखंडाचा भाग. निकेलचा पृष्ठभाग मोठा आणि उघडे पडलेले लोखंड इवलेसे, त्यामुळे सगळा मारा त्या एका ठिपक्यावर होतो. त्यातच चुंबकाच्या कणांच्या सांध्यांमध्ये निओडिमियम जास्त असते आणि ते लोखंडाच्याही आधी खराब होते. विटांमधला चुना विरघळला, तर भिंतीचे काय होईल? तसेच इथे होते. चुंबक फुगतो, मुलामा फाटतो आणि आतून काळपट-तपकिरी भुगा बाहेर पडतो.

फळी कोसळली तर कलमे मोडतील, एवढेच नुकसान नव्हे. खरी भीती पाण्यात उतरणाऱ्या धातूंची, त्यातही तांब्याची. एक हिशेब करून पाहू. २० मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाडीची चकती घ्या. तिचा पृष्ठभाग सुमारे ९.४ चौरस सेंटिमीटर भरतो. मुलाम्यातला तांब्याचा थर ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग, इतका धरला, तर तांबे साधारण ४२ मिलिग्रॅम होते. दोनशे लिटरच्या टाकीत ते सगळे विरघळले, तर दर लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा थोडे जास्त. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण माशांच्या अंगावरचे परजीवी मारण्यासाठी टाकीत तांब्याचे औषध घालतात, त्याची मात्राही साधारण एवढीच असते. मासे ती सोसतात; प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाई दगावतात. सगळे तांबे काही विरघळत नाही, हे खरे. पण प्रवाळांना अपाय व्हायला याहून पुष्कळ कमी तांबे पुरते.

मग लाउडस्पीकरच्या पाठीमागे असतो तो काळा चुंबक कसा? तो फेराइटचा. फेराइट म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम यांची भाजलेली मातीच जणू. त्यातले लोखंड एका अर्थी आधीच गंजलेले असते, आता त्याला आणखी गंज काय चढणार! खाऱ्या पाण्यात तो सुखाने राहतो. मात्र त्यात साठणारी चुंबकीय ऊर्जा निओडिमियमच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते. पातळ काच आणि चिमुकली फळी असेल, तर माझे मत फेराइटलाच. जाड काचेला तो पुरत नाही.

तिथे निओडिमियमच लागतो, पण पूर्ण बंद कवचात. पातळ रंगासारखा इपॉक्सीचा थर म्हणजे कवच नव्हे. वाळूचा एक कण किंवा खडक खरवडून खाणाऱ्या सागरी अर्चिनचे दात त्याला पुरून उरतात. चहूबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जाडीचे, सांधे वितळवून जोडलेले प्लॅस्टिक हवे. स्क्रूने आवळलेले झाकण नको. स्टेनलेस स्टीलचे स्क्रूही क्लोराइडपुढे हात टेकतात. बाहेरच्या चुंबकावरही खारे शिंतोडे उडतात, तेव्हा त्यालाही पांघरूण हवेच.

कवचाची किंमत मात्र मोजावी लागते. १० मिलिमीटर काच आणि ३ मिलिमीटर प्लॅस्टिक म्हणजे मध्ये १३ मिलिमीटरचे अंतर, आणि अंतर वाढले की ओढ झपाट्याने घटते. वेष्टनावर 'पाच किलो' लिहिलेले असते ते जाड लोखंडी पत्र्याला चिकटवून, सरळ ओढून मोजलेले. फळीचे वजन तर चुंबकाला खाली घसरवू पाहते. त्याला अडवते ते फक्त घर्षण, आणि गुळगुळीत काचेवर ते ओढीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढेच भरते. फळी जितकी पुढे आलेली, तितका भार जड. जाड पुस्तक छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे कळेल.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ३०० ग्रॅमचा प्रवाळाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात सुमारे २०० ग्रॅमचाच भासतो. पण टाकी धुण्यासाठी पाणी उपसले, की तो पुन्हा ३०० ग्रॅमचा होतो. महिनोन्महिने नीट राहिलेली फळी नेमकी त्याच दिवशी घसरते, ती यामुळे. पाणी उपसण्यापूर्वी वरच्या फळ्या रिकाम्या कराव्यात.

हे सारे घरी पडताळून पाहता येईल. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि ते दोन काचेच्या बरण्यांत ओता. एका बरणीत फेराइटचा तुकडा ठेवा. दुसरीत, खिळ्याने एक ओरखडा काढलेला छोटा चकाकता चुंबक ठेवा. दोन आठवडे रोज पाहा आणि वहीत टिपून ठेवा. फेराइट जुन्या स्पीकरचा असेल, तर त्याला चिकटवलेल्या लोखंडी चकत्या आधी काढायला सांगा, नाहीतर त्यांचा गंज पाहून फसाल. बरण्या धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबक गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात, मधले आतडे चिमटून त्याला भोक पडते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. असे घडल्याची नुसती शंका आली, तरी त्याच क्षणी दवाखाना गाठावा.