वळचणीखालचा दवाखाना

वास्तुरचना हा माझ्या अधिकाराचा विषय नव्हे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा क्षयरोगावर काही लिहावे, असे मनात होते. लिहायला बसलो आणि लेखणी वारंवार खिडकीकडे वळू लागली. हे दोन विषय माझ्या आयुष्यात एकमेकांत गुंतले आहेत. त्यास इलाज नाही.

माझ्या वडिलांचा दवाखाना फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर होता. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती, उंच आढे, मंगळुरी कौले आणि भिंतीच्या चांगली तीन-चार फूट पुढे आलेली वळचण. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ती वळचण नसती, तर खिडक्या पावसाळाभर बंदच ठेवाव्या लागल्या असत्या. उन्हाळ्यात तीच वळचण भिंतींवर सावली धरी. खिडक्या समोरासमोर आणि मागे राजांगण. तापलेली हवा कौलांच्या फटींतून व राजांगणातून वर निघून जाई आणि तिच्या जागी ओसरीकडून गार हवा आत येई. काही तावदाने शिंपल्यांची होती. त्यांतून उजेड झिरपे, पण डोळे दिपत नसत. रुग्ण ओसरीवरच्या सोप्यावर बसत, गप्पा मारत, खोकत. त्यांचा खोकला वाऱ्यावर जाई. वडिलांनी याला कधी शास्त्र म्हटले नाही.

जुने ते सारेच सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच घराचे स्वयंपाकघर अंधारे, धुराने कोंदलेले होते. आजी चुलीपुढे पन्नास वर्षे बसली आणि शेवटची काही वर्षे धापा टाकत जगली. विडीला तिने कधी हात लावला नव्हता. पुरुषांच्या ओसरीला वारा आणि बायकांच्या चुलीला धूर, ही वाटणी काही हवामानाने केलेली नव्हती.

१९९८ साली मी दवाखाना बाजारपेठेतील एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हलविला. पश्चिमेकडे पूर्ण काचेची दर्शनी बाजू, न उघडणारी. दुपारनंतर तेथे भट्टी पेटे, म्हणून दोन वातानुकूल यंत्रे बसविली. लहानशा प्रतीक्षागृहात पंधरा-वीस माणसे दाटीवाटीने बसत आणि मला त्या थंडाव्याचा अभिमान वाटे. भिंतीवरचे साधे यंत्र बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा पुन्हा फिरविते, हे डॉक्टर असूनही माझ्या मनात कधी आले नाही.

२००६च्या पावसाळ्यात माझ्या परिचारिकेचा खोकला तीन आठवडे हटेना. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. वय अवघे चोवीस. संसर्ग कोठे झाला, हे क्षयरोगात सिद्ध करणे फार कठीण. पण तिने विचारले, "डॉक्टर, आमच्या घरी तर कोणालाच नाही. मग मला कुठून?" मी औषधांची चिठ्ठी लिहीत राहिलो.

पुढच्याच वर्षी, २००७ साली, पेरू देशातील लिमा शहरातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघड्या असता खोलीतील हवा तासाला सरासरी अठ्ठावीस वेळा बदलत होती. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत बारा वेळा. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वास्तूंत तर हा आकडा चाळीस होता आणि नव्या बांधणीच्या खोल्यांत सतरा. उपचार न झालेल्या क्षयरुग्णांच्या सहवासात चोवीस तास काढल्यास किती जणांना संसर्ग होईल, याचे गणितही त्यांनी मांडले होते : यांत्रिक वायुवीजनात शंभरांत एकोणचाळीस, १९५०पूर्वीच्या वास्तूंत खिडक्या उघड्या ठेवून अकरा. तो निबंध मी दोनदा वाचला आणि वडिलांची ओसरी आठवली.

२००९ साली गावाबाहेर लहानसा प्लॉट घेऊन नवा दवाखाना बांधला. आमच्या वास्तुविशारद बाईंनी पहिल्याच भेटीत अडचण सांगितली : इथे हवा हवा तो वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येणार, छळणारे ऊन आणि झोडपणारा पाऊसही तिकडूनच. म्हणून पश्चिमेला आठ फुटी पडवी काढली, तेच प्रतीक्षागृह केले. आतील भिंतीत विटांची जाळी ठेवली. अशा जाळ्या केरळात लॉरी बेकर यांनी विपुल वापरल्या. कुष्ठरुग्णांच्या सेवेतून भारतात स्थिरावलेला हा वास्तुशिल्पी एका डॉक्टर पत्नीचा पती होता, हे आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगे. छताच्या आढ्याशी गरम हवेला वाट दिली. आवारातले फणस आणि आंबे तोडू दिले नाहीत. पाया दोन हात सरकविला.

गैरसोयी आहेत. डासांच्या जाळीने वाऱ्याचा बराच जोर जातो. जुलैत कपाटातील पुस्तकांना बुरशी येते. जांभा पाणी पितो, त्यामुळे जोत्यालगतचा गिलावा वरचेवर दुरुस्त करावा लागतो. लसी शीतकपाटातच राहतात, आणि शस्त्रक्रियागृह वाऱ्यावर सोडा, असे तर कोणी म्हणणारच नाही. मे महिन्यात काही रुग्ण "एसी नाही का?" असे विचारून पंख्याखालची जागा धरतात. २०२०च्या साथीत मात्र हीच माणसे पडवीत अंतर ठेवून बसली आणि मला दवाखाना बंद करावा लागला नाही.

परिचारिका सहा महिन्यांच्या उपचारांनी पूर्ण बरी झाली. आजही ती माझ्याकडेच आहे. सकाळी माझ्याआधी येऊन ती सर्व खिडक्या उघडते, आणि दुपारी ऊन उतरू लागले की मला न विचारता पश्चिमेच्या झडपा अर्ध्याच ओढते. पूर्ण ओढाव्यात, असे मला वाटते. तिला वाटत नाही.