खिशातील मेण

उर्दूत तुम्ही ज्याला मोम म्हणता, त्याला मराठीत मेण म्हणतात. हाताच्या उबेने ते मऊ होते आणि बोटांनी दाबावे तसा आकार घेते. अमेरिकेत चार्ल्स रसेल नावाचे एक चित्रकार व शिल्पकार होऊन गेले. त्यांच्या खिशात नेहमी मेणाचा गोळा असे. मित्रांशी गप्पा मारताना त्यांची बोटे त्या गोळ्यावर फिरत राहत आणि पाहता पाहता त्यातून एखादे अस्वल किंवा घोडा तयार होई!

चार्ल्सचा जन्म १८६४ मध्ये सेंट लुईस या शहरात एका सधन घरात झाला. अभ्यासात त्याचे लक्ष मुळीच नव्हते. वहीच्या कडेला घोडे काढायचे, एवढेच त्याला ठाऊक! १८८० मध्ये, सोळा वर्षांचा होता होता, घरच्यांनी त्याला दूर माँटाना या डोंगराळ प्रदेशात जाऊ दिले. थोडे हाल झाले की मुलगा आपोआप परत येईल, असे त्यांना वाटले. पण चार्ल्स तिथेच रमला.

त्याला पहिले काम मिळाले मेंढ्या राखण्याचे. त्यात तो सपशेल नापास झाला. मग जेक हूवर नावाच्या एका शिकाऱ्याने त्याला आपल्या झोपडीत आश्रय दिला. सुमारे दोन वर्षे तो तिथे राहिला. हरीण कसे दबकते, अस्वल पाऊल कसे टाकते, हे त्याने रानात पाहिले. शिकार सोलताना कातड्याखालचे स्नायू आणि हाडेही पाहिली. कलाशाळेत तो शिकला नाही. त्याची शाळा ही अशी होती.

पुढे रसेल गुराखी झाले. अमेरिकेत अशा घोडेस्वार गुराख्याला काउबॉय म्हणतात. रात्री ते जनावरांवर पहारा देत आणि दिवसा चित्रे काढीत. १८८६-८७ चा हिवाळा फार भयंकर होता. बर्फाखाली गवत गाडले गेले आणि हजारो गुरे उपाशी मेली. आपल्या गुरांची हालत कशी आहे, असे दूर शहरात असलेल्या मालकाने विचारले. उत्तरादाखल रसेल यांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चित्र काढले : हाडांचा सापळा झालेला एकच बैल आणि त्याच्या मरणाची वाट पाहणारे लांडगे. वेगळे पत्र लिहिण्याची गरजच उरली नाही! या लहानशा चित्राने त्यांचे नाव माँटानाभर झाले.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. त्या माळांवर पूर्वी बायसन या रानबैलांचे लाखोंचे कळप फिरत. कातड्यासाठी त्यांची बेसुमार हत्या झाली आणि १८८९ पर्यंत जेमतेम हजारभर बायसन उरले. त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचे जीवनही उद्ध्वस्त झाले. मोकळ्या माळांवर तारेची कुंपणे आली. रसेल यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले होते. ते आपल्या सहीजवळ बायसनची कवटी काढीत. ती का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

१८९३ मध्ये त्यांनी गुराख्याचे काम सोडले. १८९६ मध्ये नॅन्सी कूपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रसेल चित्रे सहज वाटून टाकीत किंवा मामुली किमतीला विकत. नॅन्सींनी व्यवहार हाती घेतला आणि न्यूयॉर्कपर्यंत त्यांची कला पोहोचवली.

पण मेण वितळते, तुटते. म्हणून १९०४ मध्ये त्यांचे पहिले शिल्प ब्राँझमध्ये ओतले गेले. ब्राँझ म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्र धातू. तो ओततात कसा? मेणाच्या आकृतीभोवती जाड लेप देतात आणि तो भट्टीत तापवतात. मेण वितळून वाहून जाते, आत पोकळी राहते. तिच्यात वितळलेला धातू ओततात. थंड झाल्यावर लेप फोडला, की आतून तीच आकृती निघते. पुढे उधळलेले घोडे, अस्वले आणि बायसनची शिकार अशी त्यांची अनेक शिल्पे ब्राँझमध्ये उतरली.

१९२६ मध्ये ग्रेट फॉल्स या गावी रसेल यांचे निधन झाले. तोवर रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या होत्या. तरीही त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची शवपेटी घोड्यांच्या गाडीतून नेण्यात आली. अंत्ययात्रा पाहता यावी म्हणून मुलांना शाळेतून सोडले होते.