पत्रकारिता शिकायची आहे? मग आधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत हा प्रश्न येतो : ‘पत्रकारिता शिकून पुढे काय?’ आजच्या भागात त्याबद्दलच बोलूया.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. डॉक्टर किंवा वकील व्हायला ठरावीक पदवी आणि नोंदणी लागते. आपल्या देशात पत्रकार व्हायला असा परवाना लागत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केलं, ते पत्रकारितेची पदवी घेऊन नव्हे! मग वर्षं आणि पैसे कशासाठी खर्च करायचे? तर पडताळणीची सवय अंगी बाणवण्यासाठी.

समजा, मोबाइलवर निरोप आला : ‘उद्यापासून तीन दिवस पाणी बंद.’ आपण तो लगेच पुढे पाठवतो. शिकलेला बातमीदार आधी विचारतो, हे कोण सांगतंय? तो पाणीपुरवठा विभागात फोन करतो, लेखी आदेश मागतो, कोणते प्रभाग ते विचारतो. कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं या सहा ककारांची उत्तरं मिळाली की मगच लिहितो. बदनामीचा कायदा काय सांगतो, अत्याचारपीडितेची ओळख का छापायची नाही, माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, हेही वर्गात शिकायला मिळतं. नोकरीत पहिल्याच दिवशी हे समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो.

आता वाटा पाहू. बारावीनंतर पदवी करता येते. कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचं एम.ए. किंवा साधारण एका वर्षाची पदविका करता येते. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, भोपाळचं माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ, १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली आणि अमरावतीतही केंद्र असलेली भारतीय जनसंचार संस्था, ही काही परिचित नावं. अर्थशास्त्र, विज्ञान किंवा कायद्याची ओढ असेल, तर माझं मत असं, की आधी ती पदवी घ्या आणि मग पत्रकारिता शिका. महापालिकेचं अंदाजपत्रक नीट वाचता येणारा माणूस कुठल्याही बातमीकक्षात हवाच असतो.

कामं कोणती मिळतात? बातमीदार, उपसंपादक, व्हिडिओ संपादक, निवेदक, तथ्य-तपासनीस. सरकारी वाट हवी असेल तर भारतीय माहिती सेवा आणि राज्यांची माहिती खाती आहेत. नेट परीक्षेतही हा विषय आहे, म्हणजे अध्यापनाचा मार्ग खुला होतो. याशिवाय जनसंपर्क, जाहिरात, माहितीपट ही क्षेत्रं आहेत. फक्त फरक ओळखा : जनसंपर्कात तुम्ही संस्थेची बाजू मांडता, पत्रकारितेत तुम्ही वाचकाला बांधील असता. दोन्ही कामं प्रामाणिकपणे करता येतात, पण एकाच वेळी दोन्ही करू नयेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मुलांनी आपली मराठी कमी लेखू नये. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथली मुलं दोन-तीन भाषांत सहज वावरतात. मुंबईतल्या माणसाची मराठीत मुलाखत घेऊन ती हिंदीत किंवा गुजरातीत नेमकी मांडणं, हे मोठं कौशल्य आहे.

आता थोडं कटू. सुरुवातीचा पगार बहुधा बेताचाच असतो, रात्रपाळी असते, सणाच्या दिवशीही काम असतं. म्हणून मोठं कर्ज काढून प्रवेश घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

आणि प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. विद्यार्थ्यांचं स्वतःचं वार्तापत्र किंवा वाहिनी नियमित चालते का? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी बातमीदारी केली आहे? प्रत्यक्ष कामाचा अनुभव कुठे आणि किती आठवडे मिळतो? उत्तरं गोलमोल आली, तर माहितीपत्रकातल्या चकचकीत स्टुडिओच्या फोटोवर भुलू नका. गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा, त्यांनाही हेच विचारा. ही तुमची पहिली पडताळणी समजा.