भाव कुणी सांगितला?

गटाच्या बैठकीत कुणी म्हणालं, "कांदा अठराने गेला," की आपण लगेच विचारतो, कुठल्या बाजारात? कधी? किलोने ना? हेच प्रश्न संगणकाच्या व्यवहारातही विचारावे लागतात. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळी अनेक संगणकांवर ठेवलेली हिशेबवही. त्यातली नोंद मागाहून खोडणं फार अवघड. या वहीवर तारण ठेवून कर्जही मिळतं. कर्जाच्या मानाने तारण कमी पडलं, की ते आपोआप विक्रीला निघतं. मुदत मागायला समोर कुणी साहेब नसतो.

पण या वहीला बाहेरचा बाजार दिसत नाही. भाव कुणीतरी आणून द्यावा लागतो. त्या निरोप्या व्यवस्थेला 'ओरॅकल' म्हणतात.

धान्य दळायच्या आधी आपण निवडतो, तसा भावही निवडून घ्यावा लागतो. समजा, पाच ठिकाणांहून कांद्याचे भाव आले: १८००, १८२०, १८५०, १८७० आणि १८. पहिले चार क्विंटलचे, शेवटचा किलोचा. तशीच सरासरी काढली तर सुमारे १४७२ येते. या भावाने कुठेच कांदा विकला गेलेला नाही! म्हणून आधी माप एक करायचं, जुने भाव बाजूला काढायचे, मग उरलेले चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा. तो येतो १८२०. किलोची चूक नजरेतून सुटली असती, तरी मधला भाव १८२०च राहिला असता. 'चेनलिंक'सारख्या सेवा अनेकांकडून भाव घेऊन असाच मधला आकडा काढतात.

एकाच बाजारावर विसंबलं तर काय होतं? 'डाय' या डिजिटल नाण्याची किंमत एक डॉलरच्या आसपास असते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'कॉइनबेस प्रो' या बाजारात ती थोडा वेळ १.३० डॉलरवर गेली. 'कंपाउंड' या कर्जव्यवस्थेने तिथलाच भाव धरला. ज्यांनी डाय उसने घेतले होते, त्यांचं कर्ज एकाएकी फुगलेलं दिसलं आणि सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलरची वसुली तारणातून झाली. कर्जदारांनी हप्ता चुकवला नव्हता. भाव तेवढा फसवा होता.

आपल्याला या वहीत शिरायची घाई नाही. पण सोनं असो की गोदामातलं धान्य, तारण ठेवताना तीन प्रश्न विचारूया: भाव कुठला? केव्हाचा? किती ठिकाणी पडताळला? उत्तरं मिळाल्यावरच सही करूया.