सी ड्राइव्ह भरला? भिंत पाडा, घर नको!

संगणक सुरू होतो न होतो तोच पडद्याच्या कोपऱ्यात डिस्कवरील जागा संपत आल्याची सूचना झळकते. उघडून पाहावे तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक झालेली आणि शेजारचा डी ड्राइव्ह मात्र जवळजवळ रिकामा. रिसायकल बिन साफ केले, दोन-चार जुने गेम काढून टाकले, की आठवडाभर निभावते. पुन्हा तीच सूचना हजर. अखेर तंत्रज्ञाला बोलावले, की त्याचे उत्तर ठरलेले असते : 'फॉरमॅट मारावा लागेल.'

फॉरमॅट मारणे म्हणजे विंडोज पुन्हा नव्याने बसविणे. त्यासोबत प्रिंटरचे ड्रायव्हर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, मराठी टंक, जतन केलेले पासवर्ड हे सारे पुन्हा जमवावे लागते. एवढा खटाटोप करताना डेस्कटॉपवर पडून राहिलेला मुलीचा प्रकल्प किंवा लग्नाच्या छायाचित्रांचा फोल्डर कायमचा पुसला जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. वास्तविक, जागेची वाटणी चुकली एवढ्यापुरताच प्रश्न असेल तर फॉरमॅटची गरज नसते. दोन ड्राइव्हमधील भिंत पाडून विंडोज जागच्या जागी ठेवता येते आणि त्याचे साधन विंडोजमध्येच उपलब्ध आहे. मात्र ही भिंत कशी उभी आहे हे समजून न घेता हातोडा मारला, तर नुकसान अटळ आहे.

ही भिंत आली कुठून?

एकाच हार्ड डिस्कचे अनेक भाग करण्याची सोय वैयक्तिक संगणकावर १९८३ साली, आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकाबरोबर आली. त्यातील डिस्क अवघी १० एमबीची होती. ए आणि बी ही अक्षरे त्यापूर्वीच फ्लॉपीसाठी राखलेली असल्याने हार्ड डिस्कच्या वाट्याला सी हे अक्षर आले. फ्लॉपी इतिहासजमा झाल्या, सी मात्र कायम राहिला.

पुढे वाटणी ही सोय न राहता सक्ती झाली. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीतील फॅट-१६ या पद्धतीला एका पार्टिशनमध्ये २ जीबीपलीकडची जागा हाताळता येत नसे. साहजिकच ४ जीबीची डिस्क घेणाऱ्याला तिचे तुकडे पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९९६ मध्ये आलेल्या फॅट-३२ ने ही अट सैल केली, तरी सवय सुटली नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेला संगणक असो वा कंपनीचा तयार संगणक, 'सी मध्ये विंडोज, डी मध्ये काम, ई मध्ये गाणी-सिनेमे' अशी मांडणी घरोघरी रूढ झाली. विंडोज वारंवार बिघडे, सी फॉरमॅट करावा लागे आणि डी सुरक्षित राही. त्या काळी हे शहाणपणाचेच होते.

अडचण अशी, की सी साठी तेव्हा ठरविलेली जागा आज पुरत नाही. विंडोज ११ बसविण्यासाठी मायक्रोसॉफ्टची किमान अटच ६४ जीबी साठवणुकीची आहे. शिवाय डाउनलोड, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे तिन्ही फोल्डर मुळात सी मध्येच असतात. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. आता पुढची आवृत्ती घेऊ पाहणाऱ्यांना सी मधील अपुरी जागा नेमकी तेव्हाच आडवी येते.

सातबाऱ्यावरची नोंद

पार्टिशन म्हणजे डिस्कच्या आतील खरोखरची भिंत नव्हे. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. कोणता भाग कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते. एमबीआर या जुन्या पद्धतीत हा तक्ता फक्त ६४ बाइटचा असतो व त्यात जेमतेम चार नोंदी मावतात. जीपीटी या नव्या पद्धतीत विंडोज १२८ नोंदींपर्यंत जागा ठेवते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपून ठेवते.

या तक्त्याला जमिनीच्या सातबाऱ्याची उपमा शोभेल. नोंद बदलली म्हणून शेतातली माती हलत नाही. त्यामुळेच शेजारचे क्षेत्र रिकामे असेल तर सी ची हद्द वाढविण्याचे काम काही क्षणांत होते. विंडोज, त्यातील सॉफ्टवेअर व फाइली आपापल्या जागी राहतात.

परंतु येथेच एक गैरसमज दूर करायला हवा. सर्वसामान्यपणे याला दोन ड्राइव्हचे 'विलीनीकरण' म्हटले जात असले, तरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनात विलीनीकरण नावाची आज्ञाच नाही. तेथे होते ते असे : डी ची नोंद रद्द केली जाते आणि मोकळी झालेली जागा सी ला जोडली जाते. म्हणजेच डी मधील मजकूर सी मध्ये आपोआप येऊन पडत नाही, तो जातो. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने वर्षानुवर्षांचा संग्रह एका क्लिकसरशी गमावला जाऊ शकतो.

मोकळी जागा उजवीकडेच हवी

सी ड्राइव्हवर आज वापरली जाणारी एनटीएफएस ही पद्धत प्रत्येक फाइलचा पत्ता पार्टिशनच्या आरंभापासून मोजते. शेवट पुढे सरकला तर जुने पत्ते तसेच राहतात. नवे घरक्रमांक तेवढे पुढे वाढतात. आरंभच मागे सरकला तर मात्र सारे पत्ते चुकतात. म्हणून विंडोजचे साधन फक्त लगतच्या, उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेतच ड्राइव्ह वाढवू शकते.

एक उदाहरण घेऊ. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. कारण उत्पादक १००० च्या पटीत मोजतात, तर विंडोज १०२४ च्या. समजा, तिची वाटणी सी ९७, डी १८४ आणि ई १८४ जीबी अशी आहे. डी काढला तर सी २८१ जीबीचा होईल. पण डी तसाच ठेवून केवळ ई काढला, तर ती १८४ जीबी जागा सी च्या काहीच उपयोगाची नाही. मध्ये डी उभा आहे.

आधी सामान हलवा

* डी मधील सर्व फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात. 'कट' न करता 'कॉपी' करावी. त्याच डिस्कच्या ई ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत पुरेशी नाही, कारण डिस्कच बिघडली तर दोन्ही जातील.
* सी मधील महत्त्वाच्या फाइलींचीही प्रत काढावी. सी पुसायचा नसला तरी काम त्याच्या हद्दीवर होणार आहे.
* लपविलेल्या फाइली दिसतील अशी व्यवस्था करून मूळ फोल्डर आणि प्रत यांतील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा. चार-दोन छायाचित्रे आणि कागदपत्रे प्रत्यक्ष उघडून खात्री करावी.
* एखादे सॉफ्टवेअर डी मध्ये बसविले आहे का, हे तपासावे. असल्यास ते आधी रीतसर काढून नंतर सी मध्ये बसवावे. त्याचा फोल्डर नुसता उचलून सी मध्ये ठेवल्यास ते बहुधा चालणार नाही.
* विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि काम होईपर्यंत ही सोय स्थगित ठेवावी.
* डिस्कमधून कटकट आवाज येत असेल किंवा फाइली उघडताना संगणक वारंवार अडकत असेल, तर प्रत काढून थांबावे. अशा वेळी जागा वाढविण्यापेक्षा डिस्क बदलणे श्रेयस्कर.

प्रत्यक्ष कृती

१. विंडोजची कळ आणि एक्स ही अक्षरकळ एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडावे. खालच्या भागात डिस्कचा आडवा नकाशा दिसतो. एकापेक्षा अधिक डिस्क असतील तर सी आणि डी एकाच ओळीत आहेत ना, हे आधी पाहावे. वेगवेगळ्या डिस्कवरील भाग अशा रीतीने जोडता येत नाहीत.

२. डी वर माऊसची उजवी कळ दाबून 'डिलीट व्हॉल्यूम' निवडावे. खात्री विचारली जाईल तेव्हा ड्राइव्हचे अक्षर आणि आकार पुन्हा एकदा वाचावा. येथून मागे फिरण्याची सोय साधनात नाही.

३. नकाशात डी च्या जागी काळी पट्टी दिसू लागेल. ही झाली कोणालाही न दिलेली मोकळी जागा.

४. आता सी वर उजवी कळ दाबून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' निवडावे. सर्व उपलब्ध जागा आधीच भरून दाखविली जाते. 'नेक्स्ट' आणि 'फिनिश' दाबले की काम झाले.

५. डिस्कचे रूपांतर 'डायनॅमिक डिस्क'मध्ये होईल, अशी विचारणा झाल्यास नकार द्यावा. मोकळी जागा लगत नसल्याचे ते लक्षण आहे.

हा सारा मार्ग विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून घरगुती संगणकांवर खुला झाला. त्याआधी एक्सपीच्या काळात सी वाढविण्यासाठी पार्टिशनमॅजिकसारखे स्वतंत्र सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे.

'एक्स्टेंड' पुसट दिसते तेव्हा

अनेकांची गाडी चौथ्या पायरीवर अडते. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हे शब्द पुसट दिसतात आणि क्लिक होत नाहीत. त्याची प्रमुख कारणे दोन.

पहिले कारण जुन्या एमबीआर डिस्कवर आढळते. चार नोंदींची मर्यादा ओलांडण्यासाठी तेथे एक 'एक्स्टेंडेड' पार्टिशन करून त्याच्या पोटात डी, ई वगैरे ड्राइव्ह ठेवलेले असतात. डी काढला तरी जागा त्या पोटातच राहते आणि काळ्याऐवजी हिरव्या रंगात दिसते. पोटात दुसरा ड्राइव्ह उरला नसेल तर ही हिरवी जागाही 'डिलीट' करावी, म्हणजे ती काळी होते. ई शिल्लक असेल, तर त्यातील फाइलीही आधी बाहेर काढून तो रिकामा करावा लागेल.

दुसरे कारण नव्या संगणकांवर अधिक दिसते. सी आणि डी यांच्यामध्ये काहीशे एमबीचे एक 'रिकव्हरी' पार्टिशन बसलेले असते. विंडोजची मोठी सुधारणा बसताना ते सी च्या शेपटाला तयार होऊ शकते. विंडोज सुरू होत नसल्यास दुरुस्तीची साधने तेथूनच मिळतात, म्हणून ते सरसकट पुसू नये. ते उजवीकडे सरकविणे हा योग्य मार्ग होय. त्यासाठी जीपार्टेड हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालविता येते. तत्पूर्वी विंडोज पूर्णपणे बंद करावे; शिफ्ट कळ दाबून धरून 'शटडाउन' केल्यास ते अर्धवट निद्रिस्त राहत नाही.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. हद्द वाढविताना केवळ नोंद बदलते. पार्टिशन सरकविताना मात्र त्यातील प्रत्यक्ष मजकूर उचलून दुसरीकडे लिहिला जातो. मोठ्या पार्टिशनला त्यासाठी काही तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर मजकूर अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहतो. भारनियमनाच्या काळात घेतलेला यूपीएस माळ्यावर पडला असेल, तर तो उतरवून, बॅटरी तपासून, मगच हे काम हाती घ्यावे. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर जोडलेला असावा.

भिंत पाडायलाच हवी का?

सी थोडक्यासाठी अपुरा पडत असेल, तर याहून सोपा उपाय आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स या फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' नावाचा विभाग असतो. तेथून त्यांचे ठिकाण डी मध्ये हलविता येते. पार्टिशनला हातही न लावता अनेक घरांतील सी मोकळा श्वास घेऊ लागतो. विंडोजची नवी आवृत्ती घेतल्यावर मागे राहणारी जुन्या आवृत्तीची प्रतही 'डिस्क क्लीनअप'मधून काढता येते.

डी वेगळा ठेवण्याचा लाभ आजही आहे. विंडोज खरोखरच बिघडून सी पुसावा लागला, तर डी मधील फाइलींना धक्का लागत नाही. मात्र डिस्क बंद पडली की ही भिंत कोणाचेही रक्षण करीत नाही.

चूक झालीच तर

नको तो ड्राइव्ह पुसला गेल्याचे लक्षात येताच संगणकावरील काम थांबवावे. नवे पार्टिशन करू नये, फॉरमॅट करू नये, 'एक्स्टेंड' तर मुळीच करू नये. नोंद गेली असली तरी साध्या हार्ड डिस्कवर मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो आणि टेस्टडिस्कसारखे मोफत सॉफ्टवेअर हरवलेली नोंद पुन्हा शोधून देऊ शकते. एसएसडीमध्ये मात्र मोकळी ठरलेली जागा 'ट्रिम' या आज्ञेने आतल्या आत साफ केली जाते. त्यामुळे तेथे ही आशा फारच थोडी.

एकूण हिशेब मांडला तर भिंत पाडण्याचे काम पाच मिनिटांचे. प्रत काढणे आणि ती ताडून पाहणे यात मात्र अख्खा रविवार जाऊ शकतो. हा रविवार वाचविण्याच्या मोहात पडू नये. विंडोज पुन्हा बसविता येते, सॉफ्टवेअर पुन्हा मिळविता येते. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची छायाचित्रे मात्र पुन्हा काढता येत नाहीत.