जैववैद्यकीय साहित्याचा शोध आणि पृच्छा-विस्तार : स्वरूप, मर्यादा व सुधारणेची दिशा

सारांश

संशोधकाने शोधयंत्रास दिलेले शब्द आणि मूळ लेखकाने वापरलेले शब्द यांत नेहमीच मेळ असतो असे नाही. हे अंतर कमी करण्यासाठी मूळ पृच्छेत समानार्थी, पर्यायी व संबंधित संज्ञांची भर घातली जाते. या प्रक्रियेस प्रस्तुत लेखात 'पृच्छा-विस्तार' असे संबोधले आहे. जैववैद्यकीय साहित्याच्या 'पबमेड' या शोधसेवेच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप, तिचे लाभ, तिच्यामुळे उद्भवणारे दोष आणि सुधारणेचे मार्ग यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : माहिती प्रतिप्राप्ती, पृच्छा-विस्तार, विषयशीर्षके, पबमेड, नियंत्रित शब्दसंग्रह

१. प्रस्तावना

कोणत्याही विद्याशाखेतील प्रबंधात 'या विषयावर आजवर फारसे संशोधन झालेले नाही' असे एक विधान हमखास आढळते. या विधानाची सत्यता सर्वस्वी संशोधकाने केलेल्या साहित्यशोधावर अवलंबून असते. शोध अपुरा असेल तर ते विधान वस्तुस्थितीविषयी काहीच सांगत नाही, केवळ संशोधकाने कोणते शब्द वापरले एवढेच सांगते. मानव्यविद्यांमध्ये अशा चुकीमुळे संशोधनाची पुनरावृत्ती होते. वैद्यकशास्त्रात मात्र रुग्णाच्या उपचाराचा निर्णयच त्यावर बेतलेला असू शकतो.

वैद्यकीय साहित्याच्या सूचीकरणाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' ही सूची सुरू केली. त्याच परंपरेतील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या ग्रंथालयाने १९६० मध्ये 'मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज' अर्थात 'मेश' ही विषयशीर्षकांची यादी प्रसिद्ध केली. १९७१ मध्ये 'मेडलाइन' ही दूरस्थ शोधसेवा आली आणि १९९७ पासून 'पबमेड' सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्या मोठ्या संग्रहात योग्य लेख 'आहे' आणि तो 'सापडतो' या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

२. शब्द व संकल्पना यांतील अंतर

एकाच संकल्पनेस अनेक नावे असणे ही या क्षेत्रातील पहिली अडचण होय. भारतातील डॉक्टर ज्या औषधास 'पॅरासिटामॉल' म्हणतात, त्यास अमेरिकेत 'ॲसिटामिनोफेन' म्हणतात. आपल्याकडील 'ॲड्रिनलिन' तेथे 'एपिनेफ्रिन' होते. काही नावे काळानुसार बदलतात. एड्सच्या विषाणूस १९८३ मध्ये पॅरिसच्या गटाने 'एलएव्ही', तर १९८४ मध्ये अमेरिकन गटाने 'एचटीएलव्ही-३' असे नाव दिले. 'एचआयव्ही' हे नाव १९८६ मध्ये निश्चित झाले. केवळ 'एचआयव्ही' या शब्दाचा शोध घेणाऱ्यास या आजाराच्या संशोधनाची पहिली वर्षे निसटण्याचा धोका असतो.

दुसरी अडचण याच्या नेमकी उलट आहे. एकाच शब्दास अनेक अर्थ असतात. इंग्रजीतील 'कोल्ड' या शब्दाचा अर्थ थंडी, सर्दी किंवा फुप्फुसाच्या एका दीर्घकालीन आजाराचे संक्षिप्त नाव यांपैकी काहीही असू शकतो. 'कॅट' हे मांजराचे नाव आहे आणि 'कॅटलेज' या विकराच्या जनुकाचे अधिकृत चिन्हही आहे. पहिल्या अडचणीमुळे उपयुक्त लेख सुटतात, तर दुसरीमुळे निरुपयोगी लेख गोळा होतात. पृच्छा-विस्तार पहिल्या अडचणीवर उपाय करतो; परंतु निष्काळजीपणे केल्यास तो दुसरी अडचण वाढवतो.

३. पबमेडमधील स्वयंचलित विस्तार

पबमेडच्या चौकटीत साधे शब्द टंकित केले असता ते जसेच्या तसे शोधले जात नाहीत. ही प्रणाली ते शब्द प्रथम मेशच्या कोष्टकाशी, नंतर नियतकालिकांच्या व लेखकांच्या नावांशी जुळवून पाहते. उदाहरणार्थ, 'हार्ट अटॅक' असे लिहिल्यास 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हे विषयशीर्षक पृच्छेत आपोआप जोडले जाते. शिवाय मेशची रचना वृक्षासारखी असल्याने व्यापक शीर्षकाबरोबर त्याखालील सर्व संकुचित शीर्षकांचाही शोध घेतला जातो. 'कर्करोग' या शीर्षकाखाली निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग येतात ते याच कारणाने.

ही सोय असली तरी तिचे नियम ठाऊक नसल्यास वापरकर्त्याची फसगत होते. शब्दांना अवतरणचिन्हे दिली किंवा शब्दाच्या शेवटी तारांकन केले की ही जुळवणी थांबते. म्हणजे अधिक काटेकोर शोधाच्या हेतूने 'पॅरासिटामॉल' हा शब्द अवतरणात टाकणारा अभ्यासक नकळत अमेरिकन साहित्याच्या मोठ्या भागास मुकतो. याउलट, कोष्टकात जुळणी न मिळाल्यास शब्द सुटे करून 'अँड' या संयोजकाने जोडले जातात, आणि मग नोंदीत ते कोठेही असले तरी लेख यादीत येतो.

केवळ विषयशीर्षकांवर विसंबणेही योग्य नाही. पबमेडमधील सर्वच नोंदींना मेश शीर्षके दिलेली नसतात. २०२२ पासून मेडलाइनचे निर्देशीकरण स्वयंचलित झाल्याने विलंब पुष्कळ कमी झाला, परंतु यंत्राने दिलेले शीर्षक दरवेळी नेमके असेलच असे नाही. तसेच नवीन शीर्षक यादीत आले म्हणून जुन्या लेखांचे सर्वसाधारणपणे पुनर्निर्देशीकरण होत नाही.

४. विस्ताराची किंमत

शोधाच्या यशाचे मोजमाप दोन मापांनी केले जाते. सर्व उपयुक्त लेखांपैकी किती सापडले, हे 'व्याप्ती' सांगते. सापडलेल्या लेखांपैकी किती उपयुक्त, हे 'नेमकेपणा' सांगतो. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी केलेल्या प्रयोगांपासून ही मापे या शास्त्रात रूढ झाली.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या प्रश्नाशी संबंधित १०० लेख संग्रहात आहेत. मूळ पृच्छेने ५० लेख आणले व त्यांपैकी ४० उपयुक्त निघाले. व्याप्ती ४० टक्के, नेमकेपणा ८० टक्के. पृच्छा विस्तारल्यावर ४०० लेख आले व त्यांत ९० उपयुक्त निघाले. व्याप्ती ९० टक्क्यांवर गेली, पण नेमकेपणा २२.५ टक्क्यांवर घसरला. पन्नास अधिक उपयुक्त लेखांसाठी अभ्यासकास साडेतीनशे अधिक लेख चाळावे लागले. ही किंमत योग्य की अयोग्य, हे शोधाच्या हेतूवर ठरते. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांस पहिले पाच लेख नेमके हवे असतात. उपचारपद्धतीचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्यास मात्र एकही महत्त्वाचा लेख सुटून चालत नाही. म्हणूनच सर्वांसाठी एकच विस्तार उत्तम, असे म्हणता येत नाही.

५. विस्ताराच्या इतर पद्धती

नियंत्रित शब्दसंग्रहाखेरीज आणखी काही मार्ग विकसित झाले आहेत. जेरार्ड सॉल्टन यांच्या 'स्मार्ट' प्रणालीच्या कामातून रोचिओ यांची पद्धत पुढे आली. तीत वापरकर्त्याने उपयुक्त ठरवलेल्या लेखांतील शब्द पृच्छेत मिळवले जातात. पुढे वापरकर्त्यास न विचारता पहिले काही लेख उपयुक्तच आहेत असे गृहीत धरण्याची प्रथा आली. पहिले लेख खरोखर योग्य असतील तर या पद्धतीचा लाभ होतो. ते भरकटलेले असतील तर विस्तार शोधास आणखी दूर नेतो.

२०१३ नंतर शब्दांना संख्यात्मक स्थान देणाऱ्या पद्धती प्रचारात आल्या. ज्या शब्दांचे शेजारी सारखे, ते शब्द जवळचे, हे त्यांमागील तत्त्व. परंतु 'हायपरटेन्शन' व 'हायपोटेन्शन' म्हणजे उच्च व निम्न रक्तदाब हे शब्द सारख्याच वाक्यांत येतात, म्हणून ही पद्धत त्यांना जवळचे मानू शकते. वैद्यकात हे विरुद्धार्थी आहेत हे सांगण्याची गरज नाही. अलीकडील भाषा-प्रारूपे पर्यायी शब्द त्वरित सुचवतात. मात्र ती अस्तित्वात नसलेली विषयशीर्षकेही तितक्याच आत्मविश्वासाने सुचवू शकतात. त्यामुळे त्यांची प्रत्येक सूचना मेशच्या यादीत पडताळून घेणे अनिवार्य ठरते.

६. सुधारणेची दिशा : एक उदाहरण

महाराष्ट्र व गोव्याशी निगडित असे एक उदाहरण घेऊ. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणुजन्य तापाची ओळख पटली. पुढे २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात त्याचे रुग्ण आढळले. आपल्याकडे त्यास 'माकडताप' म्हणतात. या आजारावरील लसीचा अभ्यास करणाऱ्याने या नावाचे शब्दशः इंग्रजी भाषांतर शोधले आणि शब्द सुटे झाले, तर माकडांवरील पीतज्वराच्या प्रयोगांचे लेखही यादीत शिरतील.

येथे पुढील क्रम उपयुक्त ठरतो. (१) प्रश्नाचे संकल्पनांत विभाजन करावे. येथे 'आजार' व 'लस' अशा दोन संकल्पना आहेत. (२) प्रत्येक संकल्पनेचे मेश शीर्षक शोधावे. (३) त्यास आजाराचे पूर्ण नाव, 'केएफडी' हे संक्षिप्त रूप, विषाणूचे नाव, लोकप्रचलित नाव तसेच लसीकरणाचे पर्यायी शब्द व त्यांची ब्रिटिश-अमेरिकन वर्णलेखने जोडावीत. (४) एकाच संकल्पनेतील शब्द 'ऑर' ने व दोन संकल्पना 'अँड' ने जोडाव्यात. (५) प्रत्येक शब्द वेगळा शोधून तो कोणते नवीन लेख आणतो ते पाहावे. केवळ गोंधळ वाढवणारा शब्द काढून टाकावा. 'केएफडी' सारखे संक्षिप्त रूप अन्य अर्थानेही येऊ शकते, हे येथे लक्षात घ्यावे. (६) आधीच ठाऊक असलेले दोन-चार महत्त्वाचे लेख यादीत येतात का, हे तपासावे. ते येत नसतील तर पृच्छा अपुरी आहे. (७) यंत्राने केलेला विस्तार पबमेडच्या प्रगत शोधाच्या पृष्ठावरील तपशिलात वाचावा व अंतिम पृच्छा दिनांकासह नोंदवून ठेवावी.

७. मर्यादा

संग्रहात जे नाही ते कितीही विस्ताराने सापडत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दम्याविषयीच्या एका प्रयोगात 'हेक्सामेथोनियम' हे द्रव्य हुंगल्यानंतर एका २४ वर्षीय निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. प्रयोगापूर्वी पबमेडमध्ये शोध घेण्यात आला होता. परंतु त्यावेळी तेथील नोंदी साधारणतः १९६६ पासूनच्याच होत्या. फुप्फुसांवरील दुष्परिणामांची नोंद करणारे लेख १९५० च्या दशकातील होते. पुढे जुन्या नोंदींची भर पडली, तरी शब्दांच्या विस्ताराबरोबर स्रोतांचा व कालखंडाचा विस्तारही तपासला पाहिजे, हा या घटनेचा धडा कायम आहे.

८. निष्कर्ष

१) पृच्छा-विस्तार म्हणजे शब्दांची संख्या वाढवणे नव्हे, तर संकल्पना ओळखून तिची सर्व रूपे शोधणे होय.
२) विषयशीर्षके व मुक्त शब्द यांचा एकत्रित वापर हा एकट्या कोणत्याही मार्गापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.
३) यंत्राने केलेला विस्तार वापरकर्त्यास दिसला पाहिजे, आणि त्याने तो वाचला पाहिजे.
४) संशोधन मार्गदर्शकांनी प्रबंधात संदर्भसूचीप्रमाणेच शोधपृच्छेचीही नोंद मागावी व विषय निश्चितीच्या टप्प्यावरच ग्रंथपालाचे साहाय्य घ्यावे. 'संशोधन झालेले नाही' या विधानास तेव्हाच आधार प्राप्त होईल.