इंजिनाचे वंगण

मोटार चालते इंधनावर, परंतु तिचे इंजिन टिकते ते वंगणावर. मिनिटाला हजारो फेरे घेणारे धातूचे भाग एकमेकांना भिडू नयेत, म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असावा लागतो. हेच तेल उष्णता वाहून नेते आणि काजळी पोटात घेऊन काळे होते. हा काळेपणा म्हणजे केलेल्या कामाची खूण. मात्र त्या शक्तीलाही मर्यादा असल्याने पुस्तिकेत दिलेल्या मुदतीस तेल व फिल्टर बदलणे अवश्य ठरते.

हे काम घरीही करता येते. इंजिन कोमट झाले की बंद करावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कधीही शिरू नये. ती भक्कम लोखंडी टेकूंवर ठेवावी. मग तळाचा बोल्ट काढून तेल पसरट भांड्यात निथळू द्यावे. फिल्टर काढल्यावर त्याचे जुने रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे पाहावे. त्यावरच नवे कडे बसले, तर दाबाने सांधा सुटून तेल काही मिनिटांत वाहून जाते. नव्या कड्याला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा. बोल्ट बसवून तेल भरावे, इंजिन क्षणभर चालवून बंद करावे आणि थोड्या वेळाने पट्टीवर पातळी पाहावी.

निथळलेले तेल गटारात ओतू नये. ते भूजल नासवते. डब्यात भरून ते स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे. शुद्ध केल्यास त्याचेच पुन्हा वंगण होते.